वकील होऊन क्लार्क? लॉ क्लार्कच्या अर्जाविषयी थोडं सविस्तर

माझं निवडपत्र आलं तेव्हा आत्या घरी होती. निवृत्त शिक्षिका, इंग्रजी चांगलं. पत्र तिने दोनदा वाचलं, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मगे एवढा शिकलंस कित्याक गो? क्लार्कच व्हवचा होता तर बारावी पुरे होती."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या कुडाळकडे क्लार्क म्हणजे एक तर पंचायत समितीत जावक रजिस्टर लिहिणारा, नाहीतर वकिलामागून फायलींची पिशवी घेऊन येणारा आणि साहेबांच्या सगळ्या तारखा तोंडपाठ असणारा माणूस. (या दुसऱ्याबद्दल आदराने बोलावं. निम्मी तालुका कोर्टं त्याच्या स्मरणशक्तीवर चालतात.) लॉ क्लार्क हा दोघांपेक्षा वेगळा, आणि आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊकच नसतो. मोठ्या शहरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतली मुलं चौथ्या वर्षापासून याची तयारी करतात; रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांना जाहिरात कळते ती मुदत संपल्यावर, कोणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवरून. म्हणून हे लिहिते आहे.

लॉ क्लार्क म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींसाठी फायली वाचणारा, संदर्भ शोधणारा आणि टिपणं काढणारा, नुकताच कायदा शिकून बाहेर पडलेला सहायक. सर्वोच्च न्यायालयात याचं पूर्ण नाव 'लॉ क्लार्क-कम-रिसर्च असोसिएट' असं लांबलचक आहे. नेमणूक कराराने, थोड्या काळासाठी, साधारण वर्षभराची. पेन्शन नाही, बढती नाही. सरकारी नोकरी लागली म्हणून सत्यनारायण घालायचा असेल तर थांबा, ही ती नोकरी नव्हे.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी १८८२ मध्ये नुकताच पदवीधर झालेला एक तरुण मदतीला ठेवला, आणि त्याचा पगार स्वतःच्या खिशातून दिला. आज तिथे प्रत्येक न्यायमूर्तीला चार-चार क्लार्क असतात आणि पुढे स्वतः त्या न्यायालयात न्यायमूर्ती झालेले माजी क्लार्कही आहेत. सध्याचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स त्यांतलेच. फरक असा की तिकडे विद्यार्थी एकेका न्यायाधीशाकडे अर्ज करतो, आणि आपल्याकडे मुख्यतः संस्थेकडे अर्ज जातो, मग निवड झालेल्यांना न्यायमूर्ती नेमून दिले जातात. अमेरिकेतल्या सल्ल्यांचे व्हिडिओ बघून तयारी करणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

आता काम काय असतं ते. उद्या कोणती प्रकरणं कोणत्या क्रमाने चालणार याची यादी म्हणजे बोर्ड. बोर्डावर पन्नास प्रकरणं असतील, कधी शंभराच्या वर. त्यातली बरीचशी दोन मिनिटांत तारीख घेऊन जातात, पण कोणती जातील हे आधी कळत नाही. फायली चेंबरमध्ये येतात, त्या वाचायच्या आणि सकाळी कोर्ट बसायच्या आत एकेका प्रकरणाचं अर्ध्या-एक पानाचं टिपण न्यायमूर्तींच्या टेबलावर ठेवायचं. दिवसा कोर्टात मागे बसून युक्तिवाद ऐकायचे. वकिलाने एखाद्या जुन्या निकालाचा हवाला दिला की तो खरंच तसं म्हणतो का, नंतरच्या निकालाने तो मोडीत काढला आहे का, हे पाहायचं. निकाल राखून ठेवला असेल तर मसुद्यातले संदर्भ, तारखा, पान क्रमांक तपासायचे. निर्णय न्यायमूर्तींचा. तुम्ही फक्त त्यांच्या डोळ्यांना दुसरी जोडी देता.

एक नमुना दाखवते. प्रकरण काल्पनिक आहे, पण कोकणातल्या कुठल्याही वकिलाला ओळखीचं वाटेल. काजू-आंब्याच्या बागेचा ताबा मिळावा म्हणून दावा. प्रतिवादी म्हणतो, मी कूळ आहे, म्हणजे ही जमीन खंडाने कसणारा. दिवाणी न्यायाधीशांनी तो कूळ नाही असं ठरवून वादीला ताबा दिला, जिल्हा न्यायालयाने तेच कायम केलं, आता उच्च न्यायालयात द्वितीय अपील. फाईल चारशे पानांची. प्रत्यक्षात टिपण इंग्रजीत लिहावं लागतं, इथे मराठीत देते:

"प्रतिवादी कूळ असल्याचं म्हणतो. लेखी कैफियत परि. ७: वडील १९५५ पासून खंडाने कसत होते. खंड किती, कोणाला दिला, हे लिहिलेलं नाही. सातबाऱ्यावर १९६२ पर्यंत 'इतर हक्क' सदरी वडिलांचं नाव. पुढे फेरफाराने कमी. त्या फेरफाराची नोटीस रेकॉर्डवर दिसत नाही. दिवाणी न्यायाधीशांनी कूळ असण्याबाबत मुद्दा काढला व स्वतःच त्यावर निर्णय दिला (निकाल पान १४). तहसीलदारांकडे पाठवला नाही. पहिल्या अपिलाच्या मेमोत हा आक्षेप आहे (आधार क्र. ३), जिल्हा न्यायालयाच्या निकालात त्याचा उल्लेख नाही. वादीच्या बाजूने: कैफियत मोघम असल्याने हा मुद्दा मुळात उद्भवतच नव्हता, असं म्हणता येईल."

एवढंच. यात काय झालं ते बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार द्वितीय अपील दाखल करून घ्यायचं तर त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. साक्षीदार खरा की खोटा यावर तिसऱ्यांदा खल करायला ते व्यासपीठ नाही. इथे तसा प्रश्न आहे. आपल्या कूळकायद्याच्या कलम ८५ प्रमाणे, अमुक माणूस कूळ आहे का हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही. कलम ८५अ म्हणतं की असा मुद्दा निघाला तर दावा थांबवून तो सक्षम महसुली अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या मामलेदाराकडे, आताच्या तहसीलदारांकडे पाठवा. पण दुसरी बाजूही आहे. नुसतं 'मी कूळ आहे' म्हणून भागत नाही, कधीपासून आणि कशाच्या आधारावर ते कैफियतीत सांगावं लागतं, असे उच्च न्यायालयाचे जुने निकाल आहेत. म्हणून टिपणातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. टिपण लिहिणाऱ्याला मनातून कूळ जिंकावं असं वाटत असेल (मला तर नेहमीच वाटतं, माझे आजोबा कूळ होते), तरी विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्याने गाळता कामा नये. गाळला तर न्यायमूर्तींना तो भर कोर्टात समोरच्या वकिलाकडून कळेल, आणि त्या दिवसापासून तुमची टिपणं कोणी विश्वासाने वाचणार नाही.

लॉ क्लार्कच्या अर्जाचं सगळं मर्म मला या अर्ध्या पानात दिसतं. चारशे पानांतलं प्रामाणिकपणे अर्ध्या पानात आणता येतं का? अर्ज, परीक्षा, मुलाखत, सगळीकडे फिरून फिरून हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतो.

कोकणातल्या मुलामुलींकडे इथे एक शिल्लक भांडवल आहे, ज्याची त्यांना स्वतःलाच किंमत नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, पण खालून येणारं रेकॉर्ड बहुतांश मराठीत असतं. जबाब मराठीत, खरेदीखत मराठीत, पंचनामा मराठीत, फेरफार तर कोणत्या हस्ताक्षरात असेल ते परमेश्वर जाणे. अपिलासोबत भाषांतर जोडलेलं असतं, पण 'सामाईक' आणि 'सामाईकात वहिवाट' यांतला फरक भाषांतरात हमखास विरघळतो. वरकस जमीन म्हणजे काय, खोती म्हणजे काय, 'बांधावरची झाडं माझी' या वाक्यावरून दोन भाऊ तीस वर्षं का भांडतात, हे ज्याने घरात ऐकलं आहे त्याला ते रेकॉर्ड उलगडतं. माझ्यासोबत काम करणारी एक दिल्लीकडची मुलगी कायद्यात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. पण साक्षीदाराच्या उलटतपासात "मी फक्त शेंडीचे माड उतरवीत असे" असलं काही आलं की ती खुर्ची सरकवून माझ्याकडे यायची. आता इंग्रजीची भीती. भीती बाळगू नका, पण तयारी करा. छापील निकाल रोज वाचायचा आणि त्याचा सारांश दहा ओळींत लिहायचा. अलंकारिक इंग्रजी लिहायचा मोह झाला तर पेन खाली ठेवायचं.

आणि कोकणासाठी आणखी एक गोष्ट बदलली आहे. मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं ते १४ ऑगस्ट १८६२ ला, आणि कित्येक वर्षं सिंधुदुर्गातल्या माणसाला अपील म्हणजे मुंबई. रात्रीची गाडी, पाचशेएक किलोमीटर, लॉजचं भाडं, आणि पोचल्यावर 'मॅटर रिच झालं नाही', म्हणजे आपल्या प्रकरणाची पाळीच आली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे याच उच्च न्यायालयाचं तिथलं पीठ, बसतं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर यांच्यासोबत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही त्याच्याकडे आहेत. रायगडची प्रकरणं पूर्वीप्रमाणे मुंबईला. गंमत म्हणजे सावंतवाडीकरांच्या शेजारी, पर्वरीला, गोवा खंडपीठ आहे, तेही मुंबई उच्च न्यायालयाचंच. पण आपली अपिलं तिकडे जात नाहीत, घाट चढूनच जावं लागतं. मात्र क्लार्क म्हणून अर्ज करताना तुमचा जिल्हा कुठल्या बेंचकडे आहे याचा संबंध नसतो. जाहिरातीत मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, कोल्हापूर यांपैकी कुठल्या ठिकाणासाठी जागा आहेत ते नीट वाचायचं.

आता दारं कोणती. सर्वोच्च न्यायालयाचं सगळ्यात सरळ आहे, कारण त्याला परीक्षा आहे. जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर येते. २०२५ मध्ये अर्ज १४ जानेवारी ते ७ फेब्रुवारी या काळात घेतले आणि परीक्षा ९ मार्चला झाली; त्याआधीच्या वर्षी १० मार्चला होती. म्हणजे साधारण थंडी संपून आंब्याला कणी धरायच्या दिवसांत हे सगळं उरकतं. वयाची अट २० ते ३२. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, फक्त रुजू होण्याआधी पदवीचा पुरावा द्यावा लागतो. २०२५ च्या जाहिरातीत मानधन दरमहा ८०,००० रुपये होतं. दिल्लीत खोली घेऊन राहायचं तर त्यातलं किती उरतं ते वेगळं सांगत नाही.

परीक्षेचे तीन टप्पे. पहिला बहुपर्यायी प्रश्नांचा, त्यात कायदा समजतो का आणि वाचलेलं कळतं का ते बघतात. दुसरा लेखी, आणि खरी चाळण इथेच. एखाद्या प्रकरणाचा सारांश काढा, संशोधन टिपण लिहा, विश्लेषणाचा प्रश्न सोडवा, असा त्याचा तोंडवळा. हे दोन्ही एकाच दिवशी. तिसरा टप्पा मुलाखत. आपल्याला मुंबई केंद्र सोयीचं. आदल्या रात्री तुतारी किंवा कोकणकन्येने निघून सकाळी उतरून थेट परीक्षेला बसण्याचा पराक्रम करू नका. दुपारच्या लेखी पेपरात डोळे मिटायला लागतात. मी केला आहे तो पराक्रम, म्हणून सांगते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या जाहिराती वर्षात कधीही येऊ शकतात, त्यामुळे त्यांच्या संकेतस्थळावरचं भरतीचं पान दर आठवड्याला उघडायची सवय लावावी. २०२५ च्या जाहिरातीत मानधन दरमहा ६५,००० रुपये होतं, वय २१ ते ३०, आणि एलएलबीची शेवटची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात किमान ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण, किंवा कायद्याची पदव्युत्तर पदवी, अशी अट होती. ही 'पहिल्याच प्रयत्नात' वाली अट कॉलेजात कोणी सांगत नाही. शेवटच्या सत्राचा एक विषय राहिला आणि "ऑक्टोबरात काढू" असं म्हटलं की हे दार जवळजवळ बंद झालं. मग एलएलएमचा वळसा. शेवटच्या वर्षात असलेल्या प्रत्येकाला मी हे एकच वाक्य ओरडून सांगते.

तिसरं दार म्हणजे थेट एखाद्या न्यायमूर्तींच्या कार्यालयाकडे पत्र आणि बायोडेटा पाठवणं. काही न्यायमूर्ती असे अर्ज बघतात, काही बघत नाहीत. ओळखी चालतात का, असं लोक दबक्या आवाजात विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांच्या घरात वकिलीच्या तीन पिढ्या आहेत त्यांना निदान माहिती लवकर मिळते, आणि लवकर मिळालेली माहिती हीच अर्धी ओळख असते. ते अंतर आपल्याला कष्टाने भरून काढावं लागतं. रडत बसण्यात अर्थ नाही, पण अंतर नाहीच असं म्हणणंही खोटं.

बायोडेटा एक पानाचा, फार तर दोन. त्यात 'सतरा वेबिनारना उपस्थिती' लिहू नका. प्रत्येक वेबिनारचं प्रमाणपत्र जोडून फाईल फुगवणारे अर्जदार मी चेंबरमध्ये बसून नंतर पाहिले. बघणाऱ्याचा हात थेट पुढच्या अर्जाकडे जातो. त्यापेक्षा 'ओरोसच्या जिल्हा न्यायालयात वरिष्ठ वकिलांसोबत सहा महिने. नऊ अपिलांच्या तारखांची यादी आणि सारांश तयार केले' ही एक ओळ वजनदार. ती खरी असली पाहिजे, कारण मुलाखतीत त्या नऊपैकी एकावर बोट ठेवलं जातं.

लेखनाचा नमुना मागितला तर कॉलेजचा तीस पानी प्रकल्प, ज्यात अर्धी पानं 'प्रस्तावना व ऐतिहासिक पार्श्वभूमी' असतात, तो पाठवू नये. एखाद्या ताज्या निकालावर चार पानं लिहा: प्रश्न काय होता, न्यायालयाने काय ठरवलं, कशाच्या आधारावर, आणि कुठली गोष्ट अनुत्तरित राहिली. माझ्या मुलाखतीत न्यायमूर्तींनी माझा नमुना समोर ठेवला आणि विचारलं, "यातला कोणता परिच्छेद आज तुम्ही काढून टाकाल?" मी तीन रात्री कलमं पाठ करून गेले होते. दोन क्षण घशाला कोरड पडली. मग म्हटलं, दुसरा. तो मला येतं हे दाखवायला लिहिला होता, वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. ते हसले नाहीत, काही बोलले नाहीत, कागदावर काहीतरी लिहिलं. पुढचा प्रश्न सिंधुदुर्गातल्या कूळकायद्याच्या प्रकरणांवर आला, आणि तिथे मात्र मला थांबवावं लागलं.

"आमच्या लायब्ररीत महागडे डेटाबेस नाहीत" ही तक्रार खरी आहे, पण आता ती पूर्वीइतकी जड नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर सुरू केलं. अधिकृत अहवालातले निकाल तिथे फुकट शोधता येतात. ई-कोर्ट्सच्या निकाल शोधण्याच्या पोर्टलवर उच्च न्यायालयांचेही मिळतात. कायद्याचा मूळ मजकूर इंडिया कोडवर. या तिन्हींवर हात बसला की गावातल्या घरातूनही काम होतं, रेंज असली तर. चॅटबॉटला विचारून निकालांची यादी काढणाऱ्यांना एक विनंती: प्रत्येक निकाल मूळ ठिकाणी उघडून बघा. ही यंत्रं अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांची नावं, वर्षासकट, बेधडक देतात. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी याबाबत लेखी धोरणच काढलं: निर्णयापर्यंत पोचायला असलं साधन वापरायचं नाही. क्लार्कच्या टिपणात एक खोटा हवाला सापडला तर तिथे दुसरी संधी नसते.

शिफारसपत्र सगळ्यात मोठं नाव असलेल्या माणसाकडून घेण्यापेक्षा तुमचं काम ज्याने पाहिलं आहे त्याच्याकडून घ्या. आमचे वरिष्ठ, ज्यांना इथले सगळे वकील 'भाऊ' म्हणतात, त्यांनी माझ्यासाठी सहा ओळी लिहिल्या. त्यातली एक अशी होती की हिने एकदा माझ्याच अपिलातली मुदतीची चूक मला दाखवून दिली. ती चूक खरी होती आणि भाऊंना दोन दिवस माझा राग आला होता. तरी त्यांनी ते लिहिलं.

पहिल्या वर्षी माझा अर्ज पोचलाच नाही, हेही सांगून टाकते. ऑनलाइन भरायचा होता, शेवटचा दिवस, आणि मी दुपारी चारला बसले. पावसाचे दिवस नव्हते, पण कुठेतरी फांदी तारांवर पडली आणि लाइट गेली. मोबाइलवर फॉर्म उघडला तर फोटो ठरलेल्या आकारापेक्षा मोठा. बाजारपेठेतल्या कॅफेत इन्व्हर्टरवर एकच संगणक चालू, त्यावर रेशन कार्डाचं काम करणारे काका. त्यांचं होईपर्यंत सर्व्हरने मान टाकली. दोष कोणाला द्यायचा? मला. फोटो, सही, गुणपत्रिका यांच्या योग्य आकाराच्या प्रती आठवडाभर आधी तयार असत्या तर फांदीने काय बिघडवलं असतं? आणि अर्ज कागदावर मागवला असेल तर कोकणातून टपाल पोचायला लागणारे दिवस धरूनच निघा. मुदतीच्या दिवशी पोस्टात टाकणं आणि मुदतीच्या दिवशी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निवड झाल्यावरची एक अडचण आपल्या भागात जरा जास्तच येते. क्लार्क होईपर्यंत तुम्ही कोणीच नसता, आणि झाल्यावर अचानक अख्ख्या पंचक्रोशीची केस तुमच्या ओळखीची होते. मे महिन्यात गावी आले तर वाडीतले एक काका फणस घेऊन हजर. बसले, चहा घेतला, आणि हळूच, "आमच्या त्या अपिलाचा काय ता जरा बघशीत?" ते अपील माझ्या न्यायमूर्तींसमोर नव्हतंच, पण असतं तरी उत्तर एकच. चेंबरमधला कागद, मसुदा, एवढंच काय 'साहेबांचा कल कुठे आहे' हा अंदाजसुद्धा दाराबाहेर जात नाही. निकाल जाहीर होण्याआधी तुम्हाला तो माहीत असतो. ही जबाबदारी किती जड आहे ते त्या फणसासमोर बसल्यावर कळतं. आणि नात्यातल्या कोणाचं प्रकरण खरंच बोर्डावर आलं, तर ती फाईल उघडायच्या आधी न्यायमूर्तींना सांगायचं. कोकणात चार गावं सोडली तर सगळेच एकमेकांचे व्याही, त्यामुळे हे दोनदा सांगावं लागलं तरी लाजायचं नाही. फणस मात्र आम्ही ठेवून घेतला नाही, यावर आईचा अजून राग आहे.

शेवटी सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा प्रश्न, कारण सगळे पालक तोच विचारतात: या वर्षात वकिली बुडते का? क्लार्क असताना वकिली करता येत नाही, कोर्टात उभं राहता येत नाही, बाहेरची कामं घेता येत नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणेही वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकर असू नये असं आहे. म्हणून सनद आधीच काढली असेल तर रुजू होताना बार कौन्सिलला काय कळवायचं ते नेमणुकीच्या अटींमध्ये बघून घ्या. (सनदेच्या फीचा बाऊ आता नको, ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही.)

पण वर्ष वाया जात नाही, आणि न्यायाधीश व्हायचं असेल तर अजिबातच नाही. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती २००२ मध्ये काढून टाकली होती. वर्षं मोजायची ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून. त्याच निकालात हेही आहे की देशातल्या कुठल्याही न्यायमूर्तींकडे किंवा न्यायिक अधिकाऱ्याकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम या तीन वर्षांत धरलं जावं. आपल्याकडची मुलं पदवी घेऊन थेट न्यायाधीशाच्या परीक्षेच्या अभ्यासाला घरी बसायची, तो रस्ता बंद झाला. त्या तीनपैकी एक वर्ष मानधन घेत, निकाल कसा घडतो ते आतून बघत काढता येतं, हा त्यातला आपल्या उपयोगाचा भाग.

मात्र त्यासाठी कागद लागतो. मी काम सोडताना सगळ्यांचा निरोप घेतला, चहा झाला, फोटो काढले, आणि रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखांसह कामाचा दाखला मागायचाच विसरले. नंतर तो आणायला कुडाळहून पुन्हा मुंबई. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, उलट्या दिशेने, म्हणून तिकीट तरी मिळालं.